मनाचा खाडा कॅलेंडरवर मांडा

तीन-चार दिवस मन काळवंडून जातं, मग आपोआप बरं वाटतं, आणि महिन्याभरात पुन्हा तेच! ही थेरं नव्हेत, आळसही नव्हे. या छोट्या छोट्या खिन्नतेचा ठाव कसा घ्यावा, ऋतूंशी तिचं काही नातं आहे का ते कसं ओळखावं, याविषयी...

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं नाही, असं मराठी घर शोधून सापडायचं नाही. चतुर्थी-एकादशी बघायला ते लागतंच. पण खरं म्हणजे तो घरातल्या बाईचा हिशेबाचा फळाच असतो. दुधाचा खाडा, कामवाल्या बाईचा खाडा, सिलिंडर कधी लावला, इस्त्रीला कपडे किती गेले, आणि कोपऱ्यात कुणाला कळणार नाही अशी पाळीच्या तारखेची बारीकशी फुली. महिनाअखेरीला दूधवाला म्हणतो, "वहिनी, तीनच खाडे झाले." आपण चौकोनावर बोट ठेवून सांगतो, "तीन नाही, पाच!" पाच रुपयांच्या हिशेबात आपण आठवणीवर विसंबत नाही. मनाचा हिशेब मात्र वर्षानुवर्षं आठवणीवरच चाललेला असतो.

मैत्रिणींनो, मनालाही खाडे असतात. सकाळी जाग येते ती छातीवर दगड ठेवल्यासारखी. पाय जमिनीला टेकवावेसे वाटत नाहीत. चहा कडू लागतो. मुलांची बडबड, कुकरची शिट्टी, फोनची घंटा सारं अंगावर येतं. फोडणी करता करता डोळे भरून येतात आणि "काय झालं?" म्हणून कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नसतं. आपल्यात काही अर्थ उरला नाही, आपण सगळ्यांना भार झालो आहोत, असले विचार डोक्यात घोळत राहतात. आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी उठावं, तर मळभ पार गेलेलं! भूक लागते, गाणं गुणगुणावंसं वाटतं, कपाट आवरायला घ्यावंसं वाटतं. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. "गेली एकदाची लहर!"

खरी गंमत पुढे आहे. गंमत कसली, अडचणच म्हणायची. एखादीनं धीर करून डॉक्टरांची वेळ घेतलेली असते, ती पुढच्या गुरुवारची. गुरुवार उजाडेपर्यंत तिला छान वाटायला लागलेलं असतं. "आता बरी आहे की मी, उगीच कशाला पैसे घालवायचे?" म्हणून ती जातच नाही. गेलीच, तर डॉक्टरांसमोर हसतमुख बाई बसलेली असते. मागच्या आठवड्यातलं दुःख तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचं तरी वाटत असतं. अशी पाच-पाच, दहा-दहा वर्षं निघून जातात.

चाळणीतून गळून जाणारं दुखणं

डॉक्टरांच्या पुस्तकात खिन्नतेला, म्हणजे आपण ज्याला सर्रास 'डिप्रेशन' म्हणतो त्याला, एक माप आहे. उदासपणा, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, थकवा, अपराधी वाटणं अशी लक्षणं निदान दोन आठवडे सलग टिकली पाहिजेत. माप ठीकच आहे; एका दिवसाच्या वाईट मनःस्थितीला कुणी आजार म्हणू नये. पण मोठ्या भोकांच्या चाळणीतून रवा जसा गळून जातो, तशी तीन दिवसांची खिन्नता या मापातून गळून जायची. वर्षातून बारा वेळा आली तरी!

तसं हे दुखणं नवं नाही. अमेरिकेत पॅस्किंड नावाच्या डॉक्टरांनी १९२९ सालीच काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकणाऱ्या खिन्नतेच्या झटक्यांवर लेख लिहिला होता. पण त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. लक्ष वेधलं ते स्वित्झर्लंडच्या यूल्स आंग्स्ट यांनी. हे झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी एक वेगळीच वाट धरली. इस्पितळात येणाऱ्या रुग्णांऐवजी १९७८ साली त्यांनी झुरिक परिसरातल्या १९-२० वर्षांच्या ४,५४७ तरुण-तरुणींची पाहणी केली, त्यातून ५९१ जण निवडले आणि त्यांना वर्षानुवर्षं भेटत राहिले. शेवटची भेट २००८ सालची, म्हणजे विशीतली ती मुलं-मुली पन्नाशीला आली तोवर!

या भेटींमधून दिसलं ते असं, की दोन आठवड्यांचं माप न भरणारी, पण पुन्हा पुन्हा येणारी खिन्नता अनेकांना आहे. प्रत्येक झटका जेमतेम दोन-चार दिवसांचा, पण तेवढ्यात कामाची आणि नात्यांची दाणादाण उडवणारा. १९८५ साली आंग्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला नाव दिलं. मराठीत आपण 'वारंवार येणारी अल्पकालीन खिन्नता' म्हणू या. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तिची नोंद झाली. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या पुस्तकातही तिचं वर्णन आहे: दोन ते तेरा दिवसांचे झटके, महिन्यातून निदान एकदा, सलग बारा महिने, आणि पाळीशी संबंध नसलेले.

यातला शेवटचा मुद्दा बायकांच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा. त्याकडे येऊच. आधी ऋतूंचं बघू.

एका इंजिनिअरच्या वह्या

ऋतू बदलला की मन बदलतं, हे काय सांगायला हवं? कालिदासाच्या यक्षाला विचारा! पण त्याचं शास्त्र उभं राहिलं ते एका माणसानं नेमानं ठेवलेल्या टिपणांमुळे. अमेरिकेत हर्ब कर्न नावाचे एक इंजिनिअर होते. आपला उत्साह कधी वाढतो, कधी ओसरतो, याची टिपणं ते वर्षानुवर्षं ठेवत होते. ती चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की दिवस लहान होऊ लागले की आपण कोमेजतो आणि वसंतात दिवस मोठे झाले की पुन्हा फुलतो. ही टिपणं घेऊन ते वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांकडे गेले.

तिथे आल्फ्रेड लुई यांनी १९८० साली दाखवून दिलं होतं, की रात्रीच्या अंधारात आपल्या मेंदूतली एक ग्रंथी जो 'मेलाटोनिन' नावाचा रस सोडते, तो प्रखर प्रकाश डोळ्यांवर पडला की थांबतो. घरातल्या साध्या दिव्यानं हे होत नव्हतं, प्रखर दिवा लागत होता. मग कर्न यांना हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ अशा दिव्यांसमोर बसवलं. जणू त्यांचा दिवसच लांबवला! काही दिवसांतच त्यांची खिन्नता उतरू लागली. पुढे १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी अशा २९ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली आणि 'ऋतुजन्य खिन्नता' हे नाव रूढ झालं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या भरपूर उन्हातले. अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आपण मंदावलो, हे त्यांनी स्वतःवरही अनुभवलं होतं.

या हिवाळी खिन्नतेची खूण अशी: झोप उडत नाही, उलट वाढते. कितीही झोपलं तरी अंथरूण सोडवत नाही. गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन वाढतं, चारचौघांत जाणं नको होतं. तिच्या अगदी उलट उन्हाळी खिन्नता. तिचं वर्णन त्याच संस्थेतल्या थॉमस वेअर यांनी १९८७ साली केलं. तिच्यात झोप उडते, जेवण जात नाही, जीव तगमगतो.

आता प्रश्न असा पडला, की हे दोन आजार एकमेकांत गुंतलेले असतील का? म्हणजे तीन-चार दिवसांची छोटी खिन्नता वर्षभर सारखी न येता एखाद्याच ऋतूत दाटीवाटीनं येत असेल का? जर्मनीत झिगफ्रीड कास्पर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली नेमका हाच संबंध तपासायला घेतला. काही जणांच्या बाबतीत हे झटके अनियमितपणे कधीही येतात. काहींच्या बाबतीत मात्र ठराविक महिन्यांत ते एकामागून एक येतात आणि बाकीचं वर्ष बरं जातं. आपण कुठल्या गटात आहोत हे रक्त तपासून कळत नाही. ते कळतं फक्त तारखांवरून!

आपला ऋतू कुठला?

युरोप-अमेरिकेचा नियम आपल्याला जसाच्या तसा लावून चालणार नाही बरं का! लंडनला डिसेंबरात आठ तासांहूनही लहान दिवस असतो, आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा. स्टॉकहोमला डिसेंबरातला दिवस जेमतेम सहा तासांचा. मुंबईत मात्र लहानात लहान दिवस अकरा तासांचा आणि मोठ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. म्हणजे आपला हिवाळा अंधारा नाहीच. उलट तो उन्हाचा, हुरड्याचा आणि उत्साहाचा काळ. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येतही हेमंत-शिशिरात शरीराचं बळ सर्वांत जास्त आणि उन्हाळ्याच्या शेवटी व पावसाळ्यात सर्वांत कमी, असंच सांगितलेलं आहे.

आपल्याकडे सूर्य झाकला जातो तो ढगांनी. कोकणात, महाबळेश्वर-आंबोलीकडे आषाढात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. पडवीला झापं बांधलेली, गॅलरीला प्लॅस्टिक लावलेलं, खिडक्या बंद, घरभर दोऱ्यांवर ओले कपडे... भरदुपारी दिवा लावून स्वयंपाक करावा लागतो. विदर्भात याच्या उलट. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे गेला, की दारं-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्या सोडून दिवसभर अंधार करून बसावं लागतं आणि रात्री उकाड्यानं डोळ्याला डोळा लागत नाही.

पण म्हणून पावसाळ्यातल्या प्रत्येक उदासीचं खापर ढगांवर फोडू नका. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट यांचा खर्च एकदम अंगावर येतो. शेतकऱ्याच्या घरात पेरणीच्या कर्जाचा घोर असतो. कुणाचं छप्पर गळतं, कुणाच्या सासूबाईंचा दमा बळावतो. पितृपक्षात गेलेल्या माणसांची आठवण दाटून येते. ज्या महिन्यात जवळचं माणूस गेलं, तो महिना पुढे कितीतरी वर्षं जड जातो. हाही ऋतूच, पण तो आभाळातला नाही. म्हणूनच नुसती खिन्नतेची तारीख लिहून भागत नाही. त्या दिवसांत घरात काय चाललं होतं, तेही दोन शब्दांत लिहावं लागतं.

आणि हो, ज्यांच्या लेकी-सुना परदेशी आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. सप्टेंबरात आनंदानं टोरांटोला किंवा मँचेस्टरला गेलेली मुलगी डिसेंबरात फोनवर रडू लागली, तर "घरची आठवण येतेय, होईल सवय" एवढ्यावर सोडून देऊ नका. दुपारी चारलाच अंधारून येणाऱ्या गावात ती पहिल्यांदाच हिवाळा काढते आहे. तिथल्या डॉक्टरांना ही तक्रार नवी नाही. सकाळी उठल्यावर १०,००० लक्सच्या खास दिव्यासमोर अर्धा तास बसण्याचा उपचार तिथे सर्रास सांगितला जातो. (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं माप.) मेलबर्न-सिडनीकडच्या मुलींचा हिवाळा जून ते ऑगस्ट, हेही ध्यानात असू द्या.

आधी ही कारणं वेगळी काढा

खिन्नतेच्या झटक्यांना ऋतूचं लेबल लावण्याआधी चार गोष्टी तपासून घ्यायलाच हव्यात.

पाळी: पाळीच्या आधी आठ-दहा दिवस मन बिघडतं आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत निवळतं, असं असेल तर ते दुखणं वेगळं, उपचारही वेगळे. त्याचं निदान करायलाही डॉक्टर निदान दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात. चाळिशीनंतर पाळी मागे-पुढे होऊ लागते तेव्हा मनही हेलकावे खातं, हेही विसरू नका.

थायरॉइड आणि रक्त: थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन कमी झालं, बी-१२ जीवनसत्त्व घटलं (शाकाहारी घरांत हे फार आढळतं), तरी थकवा आणि उदासी येते. रक्ताच्या साध्या तपासणीत हे समजतं.

औषधं: स्टेरॉइड, काही हार्मोनच्या गोळ्या यांचाही मनावर परिणाम होऊ शकतो. गोळी कधी सुरू केली ती तारीख कॅलेंडरवर हवीच.

उलटे दिवस: उदासीच्या मधे मधे असेही दिवस येतात का, की तीन-चार तासच झोप झाली तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, हातून वारेमाप खर्च होतो, वाटेल ते बेत आखले जातात? हे दिवस सुखाचे वाटतात, म्हणून बायका ते डॉक्टरांना सांगतच नाहीत. पण ते सांगायलाच हवेत. अशा माणसाला नुसती उदासीवरची गोळी किंवा प्रखर दिवा दिला, तर तोल दुसऱ्या बाजूला जाण्याची भीती असते.

नोंद कशी ठेवाल?

निराळी डायरी आणायची गरज नाही. सुबक डायरी आठ दिवस लिहून होते आणि मग उशाखाली जाते! रोज ज्याच्याकडे नजर जाते ते भिंतीवरचं कॅलेंडरच बरं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नको असेल तर लहान खिशातलं कॅलेंडर घ्या, नाहीतर फोनमध्ये लिहा.

रात्री ओटा पुसून झाला की अर्धं मिनिट थांबायचं. दिवसाच्या चौकोनात ० ते ५ यांतला एक आकडा लिहायचा. ० म्हणजे मन ठीक, ५ म्हणजे अंथरुणातून उठवलं नाही. त्याच्या शेजारी झोपेचे तास. पाळीच्या दिवशी नेहमीची फुली. दिवसभर ऊन पडलं तर एक टिंब, मळभ असेल तर टिंब नाही. उलट्या दिवसाला बाण. आणि काही विशेष घडलं असेल तर एकच शब्द: 'फी', 'भांडण', 'ताप', 'आईचं श्राद्ध'. बस, एवढंच.

एक पथ्य मात्र पाळा. बऱ्या दिवसांचीही नोंद ठेवा. नुसते वाईट दिवस लिहिले तर चार महिन्यांनी कॅलेंडर बघून वाटेल, की आपलं सगळं आयुष्यच वाईट आहे! शून्यं मोजली, की महिन्यातले पंचवीस दिवस आपण धडधाकट होतो, हेही डोळ्यांना दिसतं. आणि आठवडाभराचे आकडे एकदम बसून भरू नका. उदास मनाला मागचं सगळंच काळं आठवतं आणि बऱ्या मनाला काही आठवतच नाही.

दोन-तीन महिन्यांत पाळीचा संबंध आहे की नाही ते कळतं. ऋतूचं मात्र तसं नाही, त्याला वर्षाचं चक्र पुरं व्हावं लागतं. दोन वर्षांची नोंद असेल तर उत्तम. एका पावसाळ्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. म्हणून जुनं कॅलेंडर रद्दीत घालू नका!

वाचायचं कसं? मोठे आकडे फुलीच्या आधी आणि दर महिन्याला दिसत असतील, तर पाळी. फुलीशी काही मेळ नाही, पण टिंब नसलेल्या महिन्यांत मोठे आकडे दाटलेले, तर ऋतूचा संशय. 'भांडण', 'फी' या शब्दांच्या मागोमाग आकडा चढत असेल, तर त्या प्रश्नालाच हात घालायला हवा. आणि कशाशीच मेळ बसत नाही, पण दर महिन्याला दोन-चार दिवस ४-५ आकडे येतात, वर्षभर येतात, तर ते पान घेऊन सरळ मनोविकारतज्ज्ञांकडे जा. तिथे तुम्ही हसतमुख असलात तरी हरकत नाही. कॅलेंडर तुमच्या वतीनं बोलेल.

उजेड, उठणं आणि उपास

ऋतूचा संशय असो वा नसो, काही गोष्टी घरच्या घरी करता येतात. ट्यूब लावलेल्या खोलीत १०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर मळभ असलं तरी उघड्यावर तो १,००० पासून १०,००० पर्यंत भरतो आणि लख्ख उन्हात लाखापर्यंत जातो. म्हणजे ढगाळ सकाळचं अंगणसुद्धा आपल्या स्वयंपाकघराहून कितीतरी उजळ! तेव्हा पावसानं उघडीप दिली, की चहाचा कप घेऊन ओसरीवर, गच्चीवर, गॅलरीत बसा. भाजी निवडणं, तांदूळ पाखडणं, पेपर वाचणं दारात किंवा खिडकीशी करा. गॅलरीचं प्लॅस्टिक पाऊस थांबला की गुंडाळून वर करा. सकाळी अर्धा तास पाय मोकळे केलेत तर उजेड आणि व्यायाम दोन्ही साधतं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हे सगळं सूर्य वर येण्याआधीच उरकावं.

उठण्याची वेळ एकच ठेवा. झोप कशीही झाली तरी उठायचं ठरल्या वेळेला. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको.

प्रखर दिव्याचा उपचार आपल्या मनानं सुरू करू नये. डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल किंवा ते 'उलटे दिवस' येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

चातुर्मासात उपासतापास वाढतात. मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर उपासाच्या दिवशीही ती चुकवू नका. लिथियमची गोळी घेणाऱ्यांनी तर हरतालिकेसारखा निर्जळी उपास किंवा अळणी व्रत डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. देव काही त्यासाठी रागावणार नाही!

औषधांबद्दल दोन शब्द. खिन्नतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तीन दिवसांचा झटका तेवढ्यात येऊन जातो. म्हणून झटका आला की शेजारणीकडची गोळी घ्यायची, हा प्रकार व्यर्थ आणि धोक्याचाही. अल्पकालीन खिन्नतेवर फ्लुऑक्सेटिन या प्रचलित औषधाची चाचणी झाली, तेव्हा त्याचा उपयोग दिसून आला नव्हता. तेव्हा कुठलं औषध, किती दिवस, की औषधाऐवजी विचारांना वळण लावणारी समुपदेशनाची पद्धत, हे तज्ज्ञांनीच ठरवावं. तुमच्या नोंदीमुळे गुण येतो आहे की नाही, हे त्यांनाही नेमकं कळेल.

घरच्यांसाठी

यजमान, सासूबाई, मोठी मुलं हा मजकूर वाचत असतील तर त्यांना विनंती. "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न त्या दोन-तीन दिवसांत विचारू नका. तिला काही कमी नाही, हे तिलाही ठाऊक असतं आणि म्हणूनच ती अधिक शरमते. त्याऐवजी "आज भात-आमटीच करू या, पोळ्या मी बाहेरून आणतो" हे वाक्य फार गुणकारी! जरा शेजारी बसा. बोलली तर ऐका, नाही बोलली तर गप्प बसा. आणि त्या दिवसांत मोठे निर्णय घेऊ देऊ नका. नोकरी सोडायची, माहेरी निघून जायचं, जमीन विकायची, हे सगळं आकडा शून्यावर आल्यानंतर.

एवढं मात्र थांबवून ठेवू नका

झटका लहान आहे म्हणून धोका लहान, असं समजू नका. ही खिन्नता थोड्या दिवसांची असली तरी खोल असते आणि जीव द्यावा असे विचार तिच्यात अचानक, तीव्रपणे येऊ शकतात. या माणसांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो, हे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. असा विचार एका तासापुरता जरी मनात आला, तरी गुरुवारची वाट बघायची नाही. त्याच घटकेला जवळच्या माणसाला सांगायचं, एकटं राहायचं नाही. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांच्या बाटल्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. जीव घाबरा झाला असेल तर सरळ जवळचं इस्पितळ गाठा. पोलिसांच्या भीतीनं लपवाछपवी करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं. तिला शिक्षा नव्हे, उपचार आणि आधार द्यायचा, असं कायदा सांगतो.

१४४१६ हा आकडा आज, मन ठीक असतानाच, फोनमध्ये घालून ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला तो ठाऊक असू द्या. कारण वाईट दिवशी एक गोष्ट हमखास विसरायला होते: मागच्या वेळीही असंच वाटलं होतं आणि तेही चार दिवसांत गेलं होतं. हे त्या घडीला कुणी तोंडी सांगून पटत नाही. आपल्याच हातानं लिहिलेल्या तारखा आणि त्यांच्या पुढची शून्यं दिसली, तर पटण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा पहिला आकडा आज रात्रीच लिहा. तो शून्य असला तरीही!